फुप्फुसातल्या गाठी सुईने जाळल्या, तर पुढे पाच वर्षांत काय होतं?

प्रश्न कोथरूडच्या एका मुलाचा आहे. आईंचं वय ६३. अडीच वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मागोमाग सहा महिने केमो झाली. आताच्या सीटीत फुप्फुसांत दोन गाठी दिसल्या आहेत. उजवीकडे खालच्या भागात ११ मिमी आणि डावीकडे, रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात त्या मधल्या भागाजवळ, १७ मिमी. यकृत स्वच्छ आहे, सीईए (आतड्याच्या कॅन्सरचा मागोवा घ्यायची रक्तचाचणी) थोडा वाढलाय. सर्जन म्हणतात काढून टाकू, केमोचे डॉक्टर म्हणतात आधी केमो, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की हल्ली सुई घालून गाठ जाळतात आणि दोन दिवसांत घरी सोडतात. मुलाने शेवटी विचारलंय: हे केलं तर आई पाच वर्षं काढेल का?

मी पुण्यात अनेक वर्षं इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी करतोय, म्हणजे सीटी किंवा सोनोग्राफीवर बघत सुईने उपचार करणं हेच माझं रोजचं काम. आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात गेलेल्या पेशंटचे नातेवाईक जवळजवळ याच शब्दांत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच वर्षं काढू शकतील. अशा अवस्थेतले बरेच जण काढतात, आणि काही जण त्याहून खूप जास्त. पण एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. सुईचं काम समोर दिसणारी गाठ मारणं एवढंच आहे, आणि ते ती किती चोख करते हे आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. माणूस किती वर्षं जगेल हे मात्र त्या गाठीमागचा आजार कसा वागतो यावर जास्त ठरतं. या सुईच्या उपचाराला ॲब्लेशन म्हणतात. कुणी तुम्हाला ‘ॲब्लेशन केलं की पन्नास टक्के लोक पाच वर्षं जगतात’ असं सांगितलं, तर आकडा खोटा नसेल, पण त्याचं सगळं श्रेय सुईला देऊ नका.

तो आकडा येतो कुठून? फुप्फुसातल्या गाठी उष्णतेने जाळण्याचे पहिले अनुभव २००० साली छापून आले. पुढे दीर्घकाळ मागोवा घेतलेला सर्वांत मोठा अभ्यास फ्रान्समधून आला, २०१५ साली. त्यात ५६६ पेशंट आणि १०३७ गाठी होत्या. सगळ्या दुसरीकडून फुप्फुसात आलेल्या, आणि सगळ्यांवर रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, म्हणजे सुईतून वीजप्रवाह सोडून गाठ तापवणं, आपण ज्याला आरएफए म्हणतो ते. निम्म्याहून अधिक पेशंट आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे होते, म्हणजे तुमच्या आईंसारखेच. गाठींचा मधला आकार १५ मिमी. या पेशंटपैकी तीन वर्षांनी ६७.७ टक्के आणि पाच वर्षांनी ५१.५ टक्के हयात होते. जाळलेली गाठ त्याच जागी परत वाढण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात ५.९ टक्के आणि चौथ्या वर्षापर्यंत ११ टक्के निघालं.

या दोन आकड्यांतला फरक बघा. चार वर्षांनी दर शंभर गाठींमागे सुमारे नव्वद मेलेल्याच राहिल्या होत्या. पाच वर्षांनी मात्र शंभरातली जवळजवळ निम्मी माणसं गेली होती. गाठ मेली आणि तरी माणूस गेला, तो बहुतेक वेळा दुसरीकडे उगवलेल्या आजारामुळे. त्याच अभ्यासात नवीन गाठी येत गेल्यावर काही पेशंटवर पुन्हा, कुणावर चारदासुद्धा, ॲब्लेशन केलं. एवढं करूनही चार वर्षांनी फुप्फुसांतला आजार पूर्ण ताब्यात होता तो ४४ टक्के लोकांमध्ये. म्हणजे तुमच्या आईंच्या दोन्ही गाठी आम्ही छान जाळल्या, तरी पुढच्या चार वर्षांत तिसरी कुठेतरी दिसण्याची शक्यता निम्म्याच्या वर धरून चाला. तसं झालं तर उपचार फसला असं समजू नका. या आजाराची चालच तशी आहे, आणि सुईचा सर्वांत मोठा गुण इथेच कामी येतो: ती पुन्हा पुन्हा वापरता येते आणि दर वेळी फुप्फुसाचा अगदी थोडा भाग खर्ची पडतो. ऑपरेशनने दर खेपेला एक तुकडा कापत गेलो तर तिसऱ्या खेपेला श्वासाचा हिशोब जुळत नाही.

गोठवून गाठ मारण्याचा प्रकार म्हणजे क्रायो. त्याचेही पाच वर्षांचे आकडे आलेत, पण पेशंट कमी होते: ४० पेशंट, ६० गाठी. पाच वर्षांनी ७९ टक्के गाठी ताब्यात आणि ४६.७ टक्के पेशंट हयात. मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्मलहरींनी गाठ तापवणं, मी स्वतः बऱ्याचदा वापरतो, त्याची कारणं पुढे येतील. पण इतक्या लांबचा आणि इतक्या पेशंटचा हिशोब आरएफएचाच आहे, हे मला पेशंटला सांगावंच लागतं.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. वरचे सगळे आकडे निवडून घेतलेल्या पेशंटचे आहेत. ज्यांच्या गाठी थोड्या, लहान आणि सावकाश वाढणाऱ्या, त्यांनाच आपण ॲब्लेशनला घेतो. अशी माणसं काहीही न करता किती जगली असती? ऑपरेशनच्या बाबतीत हा प्रश्न ब्रिटनमध्ये थेट तपासून बघितला गेला. पल्मिक नावाच्या त्या चाचणीत आतड्याच्या कॅन्सरच्या फुप्फुसातल्या गाठी असलेल्या ६५ पेशंटची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांच्या गाठी ऑपरेशनने काढल्या, निम्म्यांच्या नाही. पाच वर्षांनी ऑपरेशनच्या गटात अंदाजे ३८ टक्के हयात, आणि न काढलेल्या गटात २९ टक्के. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की गाठी न काढलेले पाच वर्षं जगतच नाहीत, फार तर शंभरातले चार-पाच. ते गृहीत कोसळलं. चाचणी छोटी होती, पेशंट पुरेसे मिळेनात म्हणून लवकर थांबवावी लागली, त्यामुळे ‘ऑपरेशनचा उपयोग नाही’ असं तिच्यावरून म्हणता येत नाही. पण गाठ काढल्यामुळेच माणूस जगला, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा थांबावं, एवढं ती नक्की सांगते. मी स्वतः याच क्षेत्रातला आहे, आणि तरी म्हणतो की फुप्फुसाच्या ॲब्लेशनलाही हेच लागू आहे.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. यकृतातल्या, ऑपरेशन न होणाऱ्या गाठींवर ११९ पेशंटची अशीच चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, अर्ध्यांना नुसती केमो आणि अर्ध्यांना केमो अधिक आरएफए. आठ वर्षांनी आरएफएच्या गटात ३५.९ टक्के हयात होते, नुसत्या केमोच्या गटात ८.९ टक्के. अवयव वेगळा आहे, पण कॅन्सर हाच, आतड्याचा. शिवाय १ ते ५ गाठी असलेल्या वेगवेगळ्या कॅन्सरच्या ९९ पेशंटमध्ये नेमक्या रेडिएशनची, म्हणजे फक्त गाठीवर नेम धरून दिलेल्या रेडिएशनची, चाचणी झाली, त्यात पाच वर्षांनी ते घेतलेल्यांपैकी ४२.३ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १७.७ टक्के हयात असा फरक दिसला. त्यामुळे थोड्याच गाठी असतील तर त्यांचा समूळ बंदोबस्त करण्यात अर्थ आहे, या बाजूला माझं मत झुकतं. फक्त हे मत ठोस आकड्यांइतकं पक्कं नाही, हे मी घरच्यांपासून लपवत नाही.

मग आईंच्या आजाराचा स्वभाव कसा ओळखायचा? त्यांच्या फाईलमध्ये काही गोष्टी चांगल्या दिसतात. ऑपरेशननंतर गाठी दिसायला अडीच वर्षं लागली. वर्षाच्या आत दिसल्या असत्या तर मी जास्त काळजीत पडलो असतो. संख्या दोन. दोन्ही २ सेंटीमीटरच्या आत. फ्रेंच अभ्यासात २ सेंटीमीटरच्या वर गेलेल्या गाठी जगण्याच्या आकड्यांसाठीही वाईट ठरल्या, आणि ३ सेंटीमीटरच्या पुढे तर मीच सुई हातात घ्यायला नाखूश असतो. यकृत स्वच्छ आहे, हा मोठा दिलासा. सीईए किंचित वाढलाय, तो मात्र नुसता आज किती आहे यापेक्षा तीन महिन्यांत किती चढला ते बघावं लागेल. आणि एक कागद प्रश्नात कुठे दिसला नाही: आतड्याच्या गाठीची रास जनुकांची तपासणी. ती ऑपरेशनच्या वेळी जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, आताही करता येते. केआरएएस या रास जनुकामध्ये बदल असलेल्या गाठी ॲब्लेशननंतर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, त्यामुळे अशा गाठीभोवती मी जाळायची कड मुद्दाम रुंद ठेवतो.

त्याही आधी, या गाठी कॅन्सरच्याच आहेत ना? परदेशातल्या पुस्तकांत हा प्रश्न दोन ओळींत संपतो, आपल्याकडे संपत नाही. टीबी आपल्या घराघरांतून फिरलेला आजार आहे. केमो घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसात टीबीची गोल गाठ पेट स्कॅनवर कॅन्सरसारखीच पेटलेली दिसू शकते. दोन्ही गाठी आधीच्या सीटीत नव्हत्या, आता आल्या, वाढतायत आणि सीईएही चढतोय, असं चित्र असेल तर मेट्सच, म्हणजे आतड्यातून पसरलेल्या गाठीच, म्हणायच्या. पण जुनी सीटी काढून बघितल्यावर एखादी गाठ दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती असं दिसलं, तर तिचा तुकडा तपासल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. तुकडा जाळण्याच्या वेळीच, त्याच सुईच्या वाटेने घेता येतो. पण निदानाचीच शंका असेल तर तो आधी वेगळा घेतलेला बरा.

मी काय सुचवेन? जुन्या आणि नव्या सीटी शेजारी लावून बघणं, आणि घाई न करता आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा एक सीटी. मधल्या काळात केमोचे डॉक्टर केमो सुरू करत असतील तर करू द्या. घरच्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मला नाही वाटत. तेवढ्यात आणखी सहा गाठी उगवल्या, तर त्या आजही तिथे आहेत, फक्त दिसत नाहीत, आणि दोन जाळून काहीच हाती लागलं नसतं. दोनच्या दोनच राहिल्या तर त्यांच्यावर नेम धरण्यात अर्थ आहे. गाठ १७ वरून २० झाली म्हणून ॲब्लेशन हातचं जात नाही. केमोने मात्र गाठी इतक्या लहान होऊ देऊ नका की त्या सीटीवर सापडेनाशा होतील. दिसेनाशी झालेली गाठ मेली असेलच असं नाही, आणि न दिसणाऱ्या गाठीवर सुई मारता येत नाही.

उजवीकडची ११ मिमीची गाठ सुईसाठी उत्तम आहे, असं वर्णनावरून वाटतं. डावीकडच्या १७ मिमीच्या गाठीबद्दल मी चित्रं बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. अडचण जागेची आहे. मोठी रक्तवाहिनी गाठीला चिकटून गेली असेल तर वाहतं रक्त उष्णता वाहून नेतं. उकळी येऊ घातलेल्या पातेल्यात कुणी गार पाण्याची धार धरून ठेवावी तसं होतं, आणि वाहिनीच्या बाजूची कड जिवंत राहते. परत येणारी गाठ बहुतेक तिथूनच येते. मायक्रोवेव्ह इथे उपयोगी पडतं. आरएफएचा प्रवाह हवेने भरलेल्या फुप्फुसातून नीट पुढे सरकत नाही, मायक्रोवेव्हला हवेचा तेवढा अडथळा होत नाही आणि ते कमी वेळात जास्त तापवतं. पण मोठी श्वासनलिका जवळ असेल तर तेवढी उष्णता तिलाही पोळते. मग क्रायोचा विचार होतो, कारण गोठवल्यावर नलिकेचा तंतुमय सांगाडा टिकून राहतो. क्रायोची एक खुबी सांगतो: फुप्फुसात आम्ही पहिल्यांदा थोडाच वेळ गोठवतो आणि वितळू देतो. त्याने गाठीभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांत रक्त आणि पाणी झिरपतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोठवलं की बर्फाचा गोळा त्या ओल्या भागातून भराभर मोठा होतो. हवेत तो तसा वाढत नाही.

आणि हे सगळं बघूनही डावी गाठ सर्जननेच काढावी असं ठरू शकतं. सर्जनचं म्हणणं मी अजिबात खोडून काढत नाही. काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टला कडेसकट तपासता येते, जवळचे लिम्फ नोड्स, म्हणजे लसिका ग्रंथी, बघता येतात. सुईने यातलं काहीच होत नाही. मधल्या भागातले नोड्स सुजलेले असतील, तर मी स्वतःच ॲब्लेशनला नाही म्हणेन. एक बाजू सुईने आणि एक ऑपरेशनने, असंही करतात. कोणत्याही एका डॉक्टरने, माझ्यासकट, एकट्याने हा निर्णय घेऊ नये. सर्जन, केमोचे, रेडिएशनचे आणि आम्ही एकत्र बसतो त्या ट्युमर बोर्डात फाईल ठेवायला सांगा. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ही बैठक नियमित होते. परळला टाटाला दाखवून यायचं मनात असेल तर जरूर जा, इथला कुठलाही समंजस डॉक्टर त्याचं वाईट वाटून घेणार नाही.

प्रत्यक्ष काम कसं होतं, ते आईंना सांगायला सोपं जाईल म्हणून लिहितो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी बंद करतात, आणि केमोबरोबर देतात ते बेव्हासिझुमॅब चालू असेल तर ते काही आठवडे. सकाळी उपाशीपोटी यायचं. भूल देऊन सीटीच्या टेबलावर झोपवतात, गाठ कुठे आहे त्याप्रमाणे उताणं, पालथं किंवा कुशीवर. बरगड्यांच्या फटीतून सुई जाते. दर वेळी थोडी आत, मग सीटी, मग पुन्हा थोडी आत. खरी कसोटी जाळण्याच्या आधीच्या या वेळात असते. श्वासाबरोबर गाठ वर-खाली सरकत असते आणि ११ मिमीच्या गाठीच्या बरोबर मधून सुई जायला हवी. एकदा जागा साधली की जाळायला काही मिनिटंच पुरतात. मग शेवटच्या सीटीत गाठीभोवती धुरकट पांढरं वलय दिसतं. ते सगळ्या बाजूंनी किमान ५ मिमी, जमलं तर १० मिमी बाहेर गेलेलं हवं. म्हणजे ११ मिमीच्या गाठीसाठी वलय आरपार २१ मिमीहून मोठं पाहिजे. एका बाजूला ते ३ मिमीच असेल तर सुई हलवून त्या बाजूला पुन्हा जाळायचं. डिस्चार्जच्या कागदावर गाठीचा आणि वलयाचा आकार लिहिलाय का, हे जरूर बघा. पुढची कित्येक वर्षं तो कागद कामी येतो.

दोन्ही फुप्फुसं मी एकाच दिवशी करत नाही. सुईने फुप्फुसाभोवती हवा साठणं ही या उपचारातली सर्वांत नेहमीची गोष्ट आहे, मोठ्या अभ्यासांत ती एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त वेळा घडलेली दिसते. बहुतेकांत ती थोडी असते आणि आपोआप जिरते. काहींना छातीत बारीक नळी घालून एक-दोन दिवस ठेवावी लागते. एका बाजूला हे झालं तर दुसरं फुप्फुस सांभाळून घेतं, दोन्हीकडे एकदम झालं तर पंचाईत. म्हणून दोन बाजूंमध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. घरी गेल्यावर थोडा ताप, छातीत दुखणं, थुंकीत तांबूस छटा हे आठवडाभर चालतं. अचानक धाप लागली, किंवा आठवड्यानंतर थंडी वाजून जोराचा ताप आला, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत या. उशिरा साठलेली हवा किंवा जळलेल्या जागेतला जंतुसंसर्ग असू शकतो. रक्तवाहिनीत हवा शिरणं, श्वासनलिका आणि छातीची पोकळी यांच्यात भोक राहणं, डायफ्रामच्या (श्वासाच्या पडद्याच्या) नसेला इजा होणं हे प्रकार क्वचित होतात, पण होतात, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी तुम्ही ते विचारायला हवेत. पुण्यातल्या निम्म्या घरांतून मुलगा नाहीतर मुलगी परदेशात असते, म्हणून हेही सांगतो: हवा साठली असेल तर ती पूर्ण जिरल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतर किमान एक आठवडा विमानप्रवास नको.

आता फॉलोअप. घरातली सर्वांत जास्त घबराट मी इथे बघतो. महिन्याने सीटी होते. रिपोर्ट रात्री व्हॉट्सॲपवर येतो, आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘उजव्या खालच्या भागात २८ मिमीचा घट्ट भाग’. आधी ११ होता! घरच्यांची झोप उडते, गावाकडचे नातेवाईक फोन करायला लागतात, कुणी म्हणतं सुई टोचल्याने कॅन्सर भडकला. खरं तर तो आकडा जळालेल्या भागाचा असतो, गाठीचा नाही. आम्ही मुद्दाम गाठीच्या बाहेरपर्यंत जाळलंय, म्हणून पहिल्या महिन्यात डाग मोठा दिसलाच पाहिजे. उलट तो मूळ गाठीएवढाच दिसला तर मला काळजी वाटते. पुढे तीन ते सहा महिन्यांत तो आक्रसत जातो, कधी मधे पोकळी होते, शेवटी एक व्रण उरतो, आणि तो व्रण कायमचा राहू शकतो. पेट स्कॅनही पहिले काही महिने फसवा असतो. जखम भरताना कडेने झळाळी दिसते, आणि ती बघून कुणी घाईने केमो बदलू नये.

वाईट खूण वेगळी असते. आक्रसत चाललेला डाग मधेच एका बाजूने फुगायला लागतो, किंवा औषध टोचून काढलेल्या सीटीत कडेला एखादा ठिपका उजळून दिसतो, किंवा सहा महिन्यांनंतर तो वाढतो. त्याच जागी परत येणाऱ्या गाठींतल्या निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षभरातच दिसतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं तारखा चुकवायच्या नाहीत. मी साधारण १, ३, ६, ९ आणि १२ महिन्यांनी सीटी करायला सांगतो, मग दर सहा महिन्यांनी, बरोबर सीईए. लवकर सापडली तर पुन्हा जाळता येते. क्रायोच्या १२८ पेशंटच्या एका अभ्यासात दोन वर्षांनी ७७ टक्के गाठी ताब्यात होत्या, आणि परत आलेल्या पुन्हा गोठवल्यावर हिशोब ८४ टक्क्यांवर गेला.

सीटी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करा. जिथे सवलत मिळेल तिथे प्रत्येक वेळी नवीन सेंटर गाठण्याची आपली सवय इथे नडते. एका ठिकाणी १ मिमीचे काप, दुसरीकडे ५ मिमीचे, मग दोन मिमीची वाढ खरी की भासाची हे कुणालाच सांगता येत नाही. फिल्म घरी ठेवा, पण सीडी किंवा पेन ड्राइव्हवरचा मूळ डेटा प्रत्येक वेळी मागून घ्या. मला तुलना त्याच्यावरच करता येते.

ॲब्लेशनने श्वासाची क्षमता फारशी कमी होत नाही, हे वयस्कर आणि दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या लोकांसाठी मोलाचं आहे. जीवनमानाची आणखी एक बाजू आकड्यांत पुरेशी दिसत नाही: केमोमधली सुट्टी. गाठी ताब्यात असतील तर कित्येकांना महिनोन्‌महिने, काहींना वर्षं, केमोशिवाय काढता येतात. हातापायांची बधिरता कमी होते, तोंडाला चव येते, माणूस पर्वतीवर नाही तरी सारसबागेपर्यंत चालत जायला लागतो. तुम्ही पाच वर्षं विचारलीत, पण ती पाच वर्षं कशी जातील हे आईंनाही विचारा. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि ट्युमर बोर्डासमोर तेही यायला हवं.

आणि ॲब्लेशन कधी नको? गाठी सहा-सात असतील आणि भराभर वाढत असतील, पोटात किंवा हाडांत ताब्यात नसलेला आजार असेल, पेशंट दिवसाचा बराचसा वेळ अंथरुणात काढत असेल, तर मी सुई हातात घेत नाही. ‘काहीतरी तरी करा डॉक्टर’ हे ऐकताना मलाही वाईट वाटतं, पण अशा वेळी केमो किंवा नुसता आराम देणारे उपचार पेशंटच्या जास्त भल्याचे असतात. सुई चालत नसेल आणि ऑपरेशनही झेपत नसेल, अशा मधल्या परिस्थितीत नेमकं रेडिएशन हा चांगला पर्याय आहे. त्यात छातीत हवा साठण्याचा धोका जवळजवळ नसतो. पण मोठ्या श्वासनलिकेला चिकटलेल्या गाठीत त्यालाही मर्यादा आहेत, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन देणं सुईइतकं सोपं नसतं.

खर्चाचं थोडक्यात. बिलात सर्वांत जड असते ती सुई. ती एकदाच वापरायची असते, आणि क्रायोला एका गाठीसाठी दोन-तीनही लागू शकतात. अंदाजपत्रक लेखी घ्या. सुयांची संख्या, सीटी, भूल, खोली आणि नळी घालावी लागली तर तिचा वेगळा खर्च त्यात मांडून मागा. मेडिक्लेम असेल तर उपचाराचं नाव, गाठीची बाजू आणि भूल हे पूर्वमंजुरीच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या, कारण नुसतं ‘सुईचा उपचार’ लिहिलं की कंपनी प्रश्न काढत बसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी विचारा, दाखल झाल्यावर नाही. आणि ट्युमर बोर्डाच्या बैठकीला फाईल पाठवताना अडीच वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, आजवरचे सगळे सीईए तारखांसह एका कागदावर, आणि पहिल्या सीटीपासूनचा डेटा एवढं एकत्र द्या.